रस्त्याकडेचा वीर : वीरगळ कसा वाचावा?




वार्तापत्राच्या या पानावर आपण दर वेळी अभ्यासाचा एखादा विषय घेतो. या अंकासाठी आम्ही ‘वीरगळ’ हा विषय निवडला आहे. आठवी-नववीच्या इतिहासाला तो पूरक आहेच, पण पालकांनीही हा पाठ वाचावा अशी आमची विनंती आहे. ज्या दगडांविषयी आम्ही लिहिणार आहोत, ते कदाचित तुमच्याच शेताच्या बांधावर किंवा तुमच्याच गावच्या वेशीत उभे असतील.

गेल्या हिवाळ्यात आम्ही नववीच्या मुलांना घेऊन जवळच्या एका गावी क्षेत्रभेटीस गेलो होतो. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली तीन दगड ओळीने उभे होते. उंची कमरेएवढी, खालचा भाग मातीत रुतलेला. मधल्या दगडाला शेंदूर फासलेला होता आणि समोर नारळाची करवंटी पडली होती. एका मुलीने विचारले, “सर, हा कोणता देव?” कोणी म्हणाले मारुती, कोणी म्हणाले म्हसोबा. शेजारच्या शेतात तूर कापत असलेले एक आजोबा बांधावर आले आणि हसून म्हणाले, “देव न्हवं गुरुजी, ते वीरगल्लु हाय. लढाईत मेलेल्या मानसाचा दगड. आमच्या आज्याच्या आज्यालाबी त्येचं नाव ठावं नव्हतं.”

मुले गप्प झाली. मग एकाने विचारले, “नाव माहीत नाही, तर मग दगड कशाला ठेवला?” या प्रश्नाचे नीट उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आले नाही. हा पाठ म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

शब्द कोठून आला?

आजोबा घरी कन्नड बोलणारे. त्यांचा शब्द ‘वीरगल्लु’, आपला शब्द ‘वीरगळ’. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड. ‘वीर’ आणि ‘कल्लु’ जोडताना ‘क’चा ‘ग’ होतो व ‘वीरगल्लु’ हा शब्द तयार होतो. मराठीने तो घेतला आणि आपल्या उच्चाराप्रमाणे वळवला. तेव्हा ‘वीरगळ’ म्हणताना अर्धे कन्नड आपल्या तोंडी असते. आपल्या सीमाभागात भाषेवरून पुष्कळ बोलले जाते. हा दगड मात्र दोन्ही भाषांचा आहे, ही गोष्ट मुलांनी लक्षात ठेवावी.

ही चाल केवळ आपल्याकडचीच नाही. तमिळनाडूत अशा दगडाला ‘नडुकल’ म्हणतात, म्हणजे रोवलेला दगड. गुजरातेत ‘पाळिया’ व राजस्थानात ‘देवळी’ म्हणतात. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. पदवीपर्यंत इतिहासाची जी पुस्तके आम्ही वाचली, त्यांत राजे होते, सनावळी होत्या, तह होते. वीरगळ हा शब्द आम्हाला शिक्षक झाल्यावर, या मातीतल्या माणसांकडून कळला. म्हणून हा विषय न शिकल्याबद्दल आम्ही मुलांना दोष देत नाही.

आपले कल्याण आणि त्याचे शिपाई

आपले बसवकल्याण म्हणजे जुने कल्याण. अकराव्या शतकात चालुक्य राजा पहिला सोमेश्वर याने आपली राजधानी मान्यखेटाहून, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेडहून, कल्याणला आणली. त्याचा मुलगा सहावा विक्रमादित्य १०७६ साली गादीवर आला आणि त्याने स्वतःच्या नावाचा चालुक्य-विक्रम शक सुरू केला. बिल्हणाचे ‘विक्रमांकदेवचरित’ हे काव्य याच राजावर आहे. विज्ञानेश्वराचा ‘मिताक्षरा’ हा धर्मशास्त्रावरील ग्रंथ याच काळात लिहिला गेला. पुढे बाराव्या शतकात बसवेश्वरांनी याच नगरात नवा विचार मांडला.

एवढे आपल्याला पाठ असते. पण कल्याणच्या राजांनी चोळांशी पिढ्यान्‌पिढ्या लढाया केल्या. १०५४ च्या सुमारास कोप्पम येथे झालेल्या लढाईत तर चोळ राजा राजाधिराज रणातच मारला गेला. त्याच रणात दोन्ही बाजूंचे किती शिपाई पडले असतील! राजासाठी कवी काव्य लिहितो, ताम्रपट कोरला जातो. शिपायासाठी काय? त्याच्यासाठी त्याच्या घरच्यांनी, गावाने किंवा धन्याने वाटेच्या कडेला दगड उभा केला. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडावा म्हणूनच तो वाटेवर, वेशीत किंवा देवळाच्या आवारात ठेवला.

वीरगळ खालून वर वाचावा

पुस्तक आपण वरून खाली वाचतो. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. साधारणपणे त्यावर एकावर एक असे तीन चौकोन किंवा पट्ट्या असतात. काही दगडांवर चार किंवा त्याहून अधिकही असतात.

सर्वांत खालचा चौकोन : येथे मृत्यूची कथा असते. वीर ढाल-तलवार, भाला किंवा धनुष्य घेऊन लढताना दिसतो. घोडा असेल तर तो स्वार असावा. काही ठिकाणी पायाशी आडवा पडलेला देह कोरलेला असतो.

मधला चौकोन : दोन्ही बाजूंना अप्सरा आणि मध्ये वीर. त्या त्याला स्वर्गाकडे नेत आहेत. कधी तो विमानात किंवा पालखीसारख्या आसनात बसलेला दिसतो.

वरचा चौकोन : वीर देवापुढे हात जोडून बसलेला असतो. बहुतेक ठिकाणी समोर शिवलिंग आणि पूजा करणारा पुजारी दिसतो. वीर जैन असेल तर तेथे जिनमूर्ती असते.

माथा : वर कलश आणि दोन्ही बाजूंना सूर्य व चंद्र. त्याचा अर्थ ‘आचंद्रार्क’, म्हणजे जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर या माणसाची आठवण राहो.

काही दगडांवर कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला एक हात दिसतो. तो सतीचा दगड होय. कन्नडमध्ये त्याला ‘मास्तिकल्लु’ म्हणतात. पतीमागे जिवंत जाळल्या गेलेल्या स्त्रीची ती खूण आहे. बंगाल इलाख्यात १८२९ च्या कायद्याने या प्रथेवर बंदी आली व पुढे ती इतरत्रही बंद झाली. असा दगड पाहताना हात जोडावेत, पण त्या प्रथेचा गौरव करू नये. तिचे दुःख समजून घ्यावे, एवढेच.

सगळेच राजासाठी मेले काय?

नाही. खालच्या चौकोनात तलवारीशेजारी गाई कोरलेल्या दिसल्या, तर समजावे की हा माणूस गावची गुरे वाचवताना मेला. जुन्या काळी शत्रू किंवा लुटारू आधी गुरे हाकून नेत. गुरे गेली की शेती गेली, शेती गेली की गाव उठले. म्हणून गुरे सोडवायला धावलेला माणूस गावाला राजाच्या सेनापतीइतकाच मोठा वाटे. कन्नड शिलालेखांत अशा गोधनाच्या लढायांचे उल्लेख पुष्कळ येतात. वाघाशी किंवा रानडुकराशी झुंजून मेलेल्यांचेही दगड आहेत.

मुलांना नक्की आवडेल असा एक दगड मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे सापडला. तो इ. स. ९४९-५० चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा गंग सोबती बूतुग यांनी तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला, त्यानंतरची ही गोष्ट. बूतुगाने आपला शूर शिपाई मणलेर याला ‘काय हवे ते माग’ म्हटले. मणलेराने ना गाव मागितले ना सोने. त्याने ‘काळी’ नावाचा कुत्रा मागितला. पुढे हा कुत्रा एका मोठ्या रानडुकराशी झुंजला आणि दोघेही मेले. कुत्र्याच्या स्मरणार्थ दगड उभारला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. हा दगड आज बेंगळूरूच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आहे. हजार वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याचे नाव आपल्याला माहीत आहे, कारण ते कोणीतरी कोरून ठेवले.

नाव असलेले आणि नाव नसलेले

येथे एक महत्त्वाचा फरक लक्षात घ्या. कर्नाटकातील अनेक वीरगळांवर लेख आहेत. त्यांत वीराचे नाव, राजाचे नाव आणि कधी तिथीही मिळते. बेंगळूरूजवळच्या बेगूर येथील देवळात नवव्या शतकाच्या अखेरचा एक वीरगळ आहे. ‘बेंगळूरूच्या लढाईत’ पडलेल्या माणसाची त्यावर नोंद आहे. बेंगळूरू या नावाचा आज माहीत असलेला सर्वांत जुना उल्लेख तो हाच. एवढ्या मोठ्या शहराच्या नावाचा पुरावा एका साध्या माणसाच्या मरणाच्या दगडावर मिळावा, ही लहान गोष्ट नाही.

महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर मात्र लेख नाहीत, नुसती चित्रे आहेत. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे सहा मोठे वीरगळ आहेत. त्यांतल्या काहींवर वल्ही मारणाऱ्या नावाड्यांसह लढाऊ नौका कोरल्या आहेत. देवगिरीचा यादव राजा महादेव आणि ठाणे-कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या समुद्रावरील लढाईशी अनेक अभ्यासक हे दगड जोडतात. नौका मोजता येतात, वल्ही मोजता येतात, पण त्या नावाड्यांची नावे सांगता येत नाहीत.

नाव राहणे आणि न राहणे यांत किती अंतर असते, हे पुढच्या काळातील युद्धांवरून आणखी स्पष्ट होते.

दगड बदलला, प्रश्न तोच

पुणे-अहिल्यानगर रस्त्यालगत कोरेगाव भीमा येथे एक उंच स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कंपनी सरकारची पलटण आणि पेशव्यांचे सैन्य यांच्यात तेथे लढाई झाली. कंपनीने स्तंभ उभारला आणि त्यावर आपल्या कामी आलेल्या शिपायांची नावे कोरली. त्यांत महार शिपाई पुष्कळ होते. गावात ज्यांना वेशीबाहेर ठेवले जात असे, त्यांची नावे दगडावर चढली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले, आणि आजही दर वर्षी त्या दिवशी लाखो लोक तेथे जातात. कोरलेल्या नावाची ताकद ही अशी असते.

आता शंभर वर्षे पुढे या. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ या काळात, तेरा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले आणि सुमारे ७४ हजार परत आले नाहीत. १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी आजच्या इराकमधील कूट या गावी वेढ्यात सापडल्या. अन्न संपले, रोगराई पसरली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कूट पडले. त्या आघाडीवर मेलेल्यांसाठी १९२९ साली बसरा येथे मोठे स्मारक झाले. त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची आठवण आहे. पण गोऱ्या सैनिकांची नावे भिंतीवर आली, भारतीय अधिकाऱ्यांची आली, आणि साध्या भारतीय शिपायांच्या बाबतीत पलटणीच्या नावापुढे नुसता आकडा घातला गेला. इतके मेले, बस्स. ही स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली आपल्याच अहवालात ही असमानता मान्य केली आणि क्षमा मागितली. शंभर वर्षे लागली, पण चूक मान्य झाली.

आपल्याकडे गावांनी मात्र आठवण ठेवली. या युद्धानंतर इंग्रज सरकारने पश्चिम महाराष्ट्रातील आणि कोकणातील अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांतील इतक्यांनी प्राण दिले, असा त्यांवरचा मजकूर असे. येथेही नाव नाही, आकडाच. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. आज ते गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते. तेथील लोकांनी ती परंपरा सोडली नाही, त्यामुळे आकड्यामागची घरे अजून सांगता येतात.

आपले कल्याण त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर या संस्थानांचे घोडदळ त्याच युद्धात इजिप्त-पॅलेस्टाइनच्या आघाडीवर लढले. त्यांची आठवण म्हणून १९२२ साली दिल्लीच्या एका चौकात भालाधारी सैनिकांचे तीन पुतळे उभारले. ‘तीन मूर्ती’ हे नाव त्यावरूनच पडले. दिल्लीच्या सहलीत आपण तेथून गाडीने जातो, पण त्यांतील एक मूर्ती आपल्याच जुन्या संस्थानाच्या शिपायाची आहे हे किती जणांना ठाऊक असते?

दुसऱ्या महायुद्धातील एक उदाहरण मनाला समाधान देणारे आहे. रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना कामी आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतील मोन्तोने या गावात २०२३ साली त्यांच्या नावाचे स्मारक झाले. ते सूर्यतबकडीच्या, म्हणजे उन्हाच्या घड्याळाच्या रूपात आहे. वीरगळाच्या माथ्यावरचा सूर्य आठवतो ना? आठ दशकांनंतर परक्या देशातील गावकऱ्यांनी आपल्या माणसाचे नाव जपले.

इतिहास मंडळे काय करतात?

जगात ठिकठिकाणी हे काम सामान्य नागरिकच करतात. अमेरिकेत गावोगावी स्थानिक इतिहास मंडळे आहेत. तेथील स्वातंत्र्ययुद्ध १७७५ ते १७८३ या काळात झाले. त्यात लढलेल्या शेतकरी-शिपायांच्या कबरी शोधणे, कागदपत्रांवरून नाव पक्के करणे आणि रस्त्याच्या कडेला फलक लावणे हे काम ही मंडळे करतात. व्हर्जिनिया राज्यात रस्त्याकडेच्या ऐतिहासिक फलकांची योजना १९२७ पासून चालू आहे. मोटारीने जाणारा माणूस थांबतो, चार ओळी वाचतो आणि पुढे जातो. तेवढ्या वेळात एक विसरलेला माणूस त्याच्या मनात येऊन जातो.

आपल्या राज्यातही असे घडले आहे. बेंगळूरूच्या हेब्बाळ भागात २०१८ साली शिलालेखांचा शोध घेणाऱ्या हौशी नागरिकांना आठव्या शतकातील एक वीरगळ मिळाला. त्यावर ‘किट्टय्या’ हे वीराचे नाव वाचता आले. पुढे लोकांनी त्या दगडासाठी मंडप उभारला. ही माणसे काही सगळी इतिहासाचे प्राध्यापक नव्हती. त्यांनी फक्त थांबून पाहिले आणि जाणकारांना विचारले.

आपल्या भागातील गोरटा गावात १९४८ साली रझाकारांच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या ग्रामस्थांचे स्मारक २०२३ मध्ये खुले झाले. त्या घटनेला तेव्हा पंचाहत्तर वर्षे होत होती. म्हणजे आठवणीला उशीर होतो, पण कोणी मनावर घेतले तर ती दगडावर येते.

आमच्या हातून झालेली चूक

आता त्या लिंबाखालच्या तीन दगडांकडे परत येऊ. त्या दिवशी आमच्याजवळ टेप नव्हता. “पुढच्या खेपेस मोजू, नीट नोंद करू,” असे आम्ही मुलांना सांगितले. मग परीक्षा आल्या, निकाल आले, नवे वर्ष सुरू झाले. पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा गेलो तेव्हा रस्ता रुंद झाला होता. कडेला मुरमाचा भराव पडला होता. दोन दगड होते, शेंदूर लावलेला आणि त्याच्या उजवीकडचा. डावीकडचा दगड नव्हता. भरावात गेला, कोणी उचलून नेला की कोणाच्या ओट्याला लागला, हे गावात कोणालाच सांगता आले नाही. शेंदूर होता म्हणून मधला वाचला. ज्याला कोणी देव केले नव्हते, तो गेला.

आमच्याजवळ त्याचा एकच फोटो आहे. एका विद्यार्थ्याने मोबाइलवर काढलेला. त्यात चार मुले हसत त्या दगडापुढे उभी आहेत. त्यांच्या डोक्यांमागे वरचा चौकोन दिसतो : शिवलिंग, हात जोडलेला माणूस, सूर्य आणि चंद्र. मधल्या चौकोनातील एका अप्सरेचा हात दिसतो. खालचा चौकोन मुलांच्या मागे झाकला गेला आहे. तो माणूस स्वर्गात पोचला एवढे आपल्याला माहीत आहे. तो कशासाठी मेला, गुरांसाठी, गावासाठी की राजासाठी, हे आता कधीच कळणार नाही. पायथ्याशी एखादी अक्षरांची ओळ होती का, हेही आम्ही माती बाजूला सारून पाहिले नव्हते.

यात रस्ता करणाऱ्यांना दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. रस्ता गावाला हवाच होता. तो दगड काय आहे हे आम्हाला ठाऊक होते आणि ते आम्ही कोणाला लेखी कळवले नव्हते. ज्याला वाचता येते त्याची जबाबदारी जास्त असते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ. नाव माहीत नसतानाही दगड ठेवला, कारण तो पाहून कोणीतरी ‘हा कोण?’ असे विचारावे. विचारणारा असेल तोवर तो वीर आहे. विचारणारा नसेल तर तो नुसता दगड आहे, आणि नुसता दगड भरावात जातो.

नोंद कशी करावी?

१. घरच्या किंवा शाळेच्या मोठ्या माणसाबरोबर जावे. हमरस्त्याच्या कडेला एकट्याने थांबू नये.
२. दगडापुढे कोणी उभे न राहता समोरून फोटो काढावा. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव काम स्पष्ट दिसते. शेजारी मोजपट्टी ठेवून आणखी एक फोटो घ्यावा.
३. उंची, रुंदी व जाडी मोजावी. चौकोन किती आणि प्रत्येकात काय दिसते, ते खालून वर या क्रमाने लिहावे.
४. खडू, रंग, तेल, चुना किंवा कोणतेही रसायन लावू नये. शेंदूर खरवडू नये, ती लोकांची श्रद्धा आहे. पूजा होत असेल तर आधी विचारावे, मगच फोटो काढावा.
५. अक्षरे दिसली तर स्वतः अर्थ लावू नये. फोटो आपल्या कन्नड शिक्षकांना दाखवावा. जुन्या कन्नडचे जाणकार त्यांच्यामार्फत मिळतील.
६. गावातील वृद्धांना दगडाविषयी विचारावे आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच भाषेत, मराठी असो वा कन्नड, लिहून घ्यावे.
७. दगड जागेवरून हलवू नये. त्याची जागा हीसुद्धा माहितीच आहे. नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीस व राज्य पुरातत्त्व खात्यास शाळेमार्फत पाठवू.

स्वाध्याय

१. ‘वीरगळ’ या शब्दाची फोड करा व इतर प्रांतांतील तीन नावे लिहा.
२. खालच्या चौकोनात गाई कोरलेल्या असतील तर त्यावरून काय अनुमान काढाल?
३. बसरा येथील स्मारक आणि कोरेगाव भीमा येथील स्तंभ यांत शिपायांच्या नावांबाबत कोणता फरक आहे?
४. ‘आचंद्रार्क’ या शब्दाचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
५. विचार करा : नाव माहीत नसलेल्या माणसाचा आदर कसा करता येईल? दहा ओळी लिहा.

उपक्रम

दिवाळीच्या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या किंवा आजोळच्या गावातील एका तरी वीरगळाची वरील पद्धतीने नोंद करून आणावी. उरलेल्या दोन दगडांची नोंद आम्ही स्वतः नववीच्या मुलांसह पूर्ण केली आहे आणि ती वर्गाबाहेरील फलकावर लावली आहे. तिसऱ्या दगडाची जागा आम्ही त्या फलकावर मोकळी ठेवली आहे. त्या गावातील कोणा पालकांना तो दगड कोठे दिसला, तर कृपया शाळेत निरोप द्यावा.

आपले,
मुख्याध्यापक